जुन्या मोटारसायकलीचे दिशादर्शक दिवे

जुन्या मोटारसायकलीवर तंतूच्या दिव्यांऐवजी एलईडी दिवे बसविले, की पुष्कळदा ते लुकलुकत नाहीत किंवा अतिवेगाने लुकलुकू लागतात. याचे कारण दिव्यांत नसून फ्लॅशरमध्ये असते.

जुन्या औष्णिक फ्लॅशरमध्ये द्विधातूची पट्टी असते. प्रवाहाने ती तापून वाकते व विद्युत्‌मंडल तुटते. निवताच ते पुन्हा जुळते. १२ व्होल्टच्या मंडलात १० वॅटचे दोन दिवे सुमारे १.७ अँपिअर प्रवाह घेतात. एक वॅटचे दोन एलईडी त्याचा केवळ दहावा भाग घेतात. एवढ्याने पट्टी पुरेशी तापत नाही.

दिव्याला समांतर रोधक जोडल्यास प्रवाह पूर्ववत होतो. परंतु वाचलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसविणे अधिक श्रेयस्कर होय.

तरीही एक अडचण उरू शकते. चालकासमोर दोन्ही बाजूंसाठी एकच सूचक दिवा असेल, तर तो बहुधा डाव्या व उजव्या मंडलांच्या मध्ये जोडलेला असतो. त्यातून पलीकडे जाणारा अल्प प्रवाह तंतू उजळू शकत नाही. एलईडीला मात्र तो पुरतो. परिणामी चारही दिवे एकदम लुकलुकतात आणि गाडी कोणीकडे वळणार, हे मागच्या चालकास कळत नाही. अशा वेळी प्रत्येक बाजूकडून एकेक डायोड सूचक दिव्यापर्यंत आणावा व त्या दिव्याचे दुसरे टोक गाडीच्या सांगाड्यास जोडावे. रस्त्यावर जाण्यापूर्वी दोन्ही बाजू स्वतंत्रपणे, मिनिटास ६० ते १२० वेळा लुकलुकतात, याची खात्री करून घ्यावी.