काळा घोडा आणि घरचा तराजू
(शास्त्रपाठ: प्रकटीकरण ६:५, ६)



या पाठांत योहानाला काळ्या घोड्यावरील स्वार दिसतो. त्याच्या हातीं तराजू आहे. मग वाणी होते, ती बाजारभावाची: एका दीनाराला एक माप गहूं, अथवा तीन मापें जव, तेल व द्राक्षारस यांस मात्र धक्का नाहीं.

दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती (मत्तय २०:२), आणि तें माप एका माणसाच्या एका दिवसाच्या पोटापुरतें असे. पौलानें जेथें सुवार्ता सांगितली त्या पिसिदियांतील अंत्युखियांत, इ. स. ९३ च्या सुमारास, कडक हिवाळ्यामुळें धान्य महागलें. तेव्हां रोमी सुभेदार रुस्तिकस यानें हुकूम काढला कीं, अशा सुमारें आठ मापांस एका दीनाराहून अधिक कोणीं घेऊं नये. हा दरही पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट होता. दर्शनांतील भाव तर त्याच्याही आठपट!

आतां हा भाव घरोघरीं नेऊन पाहूं. मजूर गहूं घेईल तर एकटाच जेवेल. लेंकरांसाठीं जव घेईल, पण मीठ, वस्त्र व औषध यांस कांहीं उरणार नाहीं. ठराविक पगाराचा मनुष्य शिल्लक मोडील, मग कर्ज काढील. ज्याची कणगी भरलेली आहे, तो त्याच भावानें श्रीमंत होईल. भाव एक, परंतु भार निराळा.

जर्मन पंडित अर्न्स्ट एंगेल यानें १८५७ सालीं दाखविलें कीं, घर जितकें गरीब, तितका त्याच्या खर्चांत अन्नाचा वांटा मोठा. आपल्या देशाच्या २०२३-२४ च्या सरकारी पाहणींत खेड्यांतील घरांच्या शंभर रुपयांपैकीं सुमारें ४७ अन्नावर गेले, शहरांत सुमारें ४०. म्हणून अन्न महागलें कीं गरिबाचें घर आधीं हालतें.

तेव्हां उपदेशकांस आमची विनंती आहे: महागाईच्या वर्षीं मजुराची वर्गणी तितकीच राहिली, तर ती वाढली असें समजा, कमी झाली, तर त्यास मंडळीसमोर लाजवूं नका, त्याच्या घरीं खाणारीं तोंडें किती हें विचारा. आणि ज्यांच्या घरीं धान्य आहे, त्यांनीं नीतिसूत्रें ११:२६ वाचून आपली कणगी उघडावी. देवाच्या तराजूंत दानाबरोबर घरही तोललें जातें.