वनस्पतींचे अर्क आणि स्तनाचा कर्करोग : एका सूचनेच्या निमित्ताने

अहवाल वर्षात एका देणगीदार महोदयांनी आम्हांस सुचविले की, मावळ-लोणावळ्याच्या डोंगरांत एवढी औषधी झाडे असताना त्यांच्या अर्कांची स्तनाच्या कर्करोगावर चाचणी आपल्याच रुग्णालयात का करू नये? त्यासाठी रक्कम देण्याचीही त्यांची तयारी होती. सूचना आस्थेची होती. म्हणून अभ्यास करूनच उत्तर द्यावे, असे आम्ही ठरविले.

झाडापासून या रोगावर औषध मिळाल्याच्या एका मोठ्या उदाहरणाचा धागा महाराष्ट्रात पोहोचतो. नंदुरबार येथे १९२५ मध्ये जन्मलेले डॉ. मनसुख वाणी यांनी अमेरिकेत डॉ. मन्रो वॉल यांच्यासमवेत यू वृक्षाच्या सालीवर काम केले. साल १९६२ मध्ये गोळा झाली होती. अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासायचा, जो प्रभावी ठरेल त्याचे पुन्हा भाग पाडायचे, असे करीत अखेर एक शुद्ध द्रव्य हाती आले. त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे प्राण्यांवर व रुग्णांवर चाचण्या होऊन पॅक्लिटॅक्सेल या औषधास स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९४ मध्ये. आम्ही वाणिज्य शाखेचे. साल ते सलाईन हा हिशेब बत्तीस वर्षांचा होतो.

दुसरे उदाहरण आपल्या सह्याद्रीतील नरक्याचे. त्यात कॅम्प्टोथेसिन असते. याच दोघांनी ते १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केले होते. रुग्णांना देऊन पाहता दुष्परिणाम इतके तीव्र झाले की त्या चाचण्या थांबल्या. त्याच द्रव्याच्या एका सुधारित रूपास प्रतिपिंडाची जोड देऊन तयार झालेले औषध स्तनाच्या कर्करोगाच्या एका कठीण प्रकारासाठी अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झाले. दरम्यान नरक्याची मात्र बेसुमार तोड झाली.

प्रयोगशाळेतील बशीत कर्कपेशी पुष्कळ गोष्टींनी मरतात. निरोगी पेशी वाचतात का, मात्रा किती, यकृत ते सोसते का, हे प्रश्न त्यानंतरचे. घरच्या काढ्यात यांपैकी कशाचेच उत्तर नसते. शिवाय चालू औषधांशी त्याचा विरोध होऊ शकतो. नाणे मावळातील एक भगिनी गाठ लागल्यावर आठ महिने काढा घेऊन आमच्याकडे आल्या, तेव्हा रोग काखेतील गाठींपर्यंत पोहोचला होता. काढा घेत असल्यास कुटुंबीयांनी तो डॉक्टरांपासून लपवू नये. आम्ही रागावणार नाही.

देणगीदार महोदयांना आम्ही हे सर्व कळविले. त्यांच्या संमतीने ती रक्कम आता गरजू भगिनींच्या गाठीच्या तुकड्याची तपासणी आणि मुंबईस उपचारासाठी जाण्या-येण्याचा खर्च यांकरिता स्वतंत्र खात्यात ठेवली आहे.