घरच्या संगणकासाठी आदर्श ग्राफिक्स कार्ड

प्रश्न : मुलगा गेम खेळतो, मी व्हिडिओ एडिटिंग करते. मनासारखं कार्ड घडवायची मुभा मिळाली, तर तुम्ही ते कसं घडवाल?

उत्तर : सर्वांत आधी मेमरी बघेन. १२ जीबीच्या खाली मी येणार नाही. कार्डाची मेमरी भरली की गेममधली चित्रं संगणकाच्या रॅममधून ओढावी लागतात आणि खेळ अडखळतो. मग चिप कितीही वेगवान असो, उपयोग नाही. एनव्हिडियाच्या २०२१मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०६०ला १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटची बस (मेमरी व चिप यांना जोडणारा मार्ग) होती. २०२३च्या ४०६०ला ८ जीबी आणि १२८ बिट. ही काटकसर मला मुळीच पटलेली नाही. विजेची गरज मात्र १७० वॅटवरून ११५वर आली, हे काम खरोखर उत्तम झालं. माझ्या कार्डात जुन्याची मेमरी आणि नव्याची वीजबचत असेल. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या केबलमधून १५०. म्हणजे एकच केबल पुरते. दोन मोठे पंखे, काम नसताना बंद राहणारे. रंगीत दिवे नकोतच.

कुठलंही कार्ड घेण्याआधी कॅबिनेटची आतली लांबी मोजा आणि पॉवर सप्लायवर लिहिलेले वॅट वाचून घ्या.