व्याख्यांतील पुनरुक्ती आणि तिचे निवारण

एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्याकडे माहितीची पाकिटे योग्य वाटेने पाठवणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात. ज्या द्वारांतून ही पाकिटे ये-जा करतात, त्यांना इंटरफेस अशी संज्ञा आहे. काही द्वारे प्रत्यक्ष तारेची असतात, तर काही केवळ आज्ञावलीने निर्माण केलेली असतात. प्रत्येक द्वाराला पत्ता, वर्णन, पाकिटाची कमाल लांबी इत्यादी बाबी ठरवून द्याव्या लागतात. त्यांपैकी कोणती बाब कोठे लिहिता येते व तिचे कोणते मूल्य ग्राह्य असते, यासंबंधीचे नियम आज्ञावलीत आधीच लिहिलेले असतात. या नियमांनाच येथे व्याख्या म्हटले आहे.

या संदर्भात व्हायओएस ही लिनक्सवर आधारलेली राउटर-प्रणाली अभ्यासण्याजोगी आहे. व्याटा या जुन्या प्रणालीपासून ती २०१३ मध्ये वेगळी झाली. व्याटामध्ये प्रत्येक बाबीसाठी एक स्वतंत्र फोल्डर व त्यात नियमांची एक लहानशी फाइल असे.

या पद्धतीत पुनरुक्ती कशी वाढते ते पाहू. ईथरनेट द्वाराखाली आभासी उपद्वारे निर्माण करता येतात. दुहेरी खुणेच्या पद्धतीत तर उपद्वाराच्या पोटी आणखी एक उपद्वार असते. म्हणजे मूळ द्वार, साधे उपद्वार, बाहेरील खुणेचे उपद्वार आणि आतील खुणेचे उपद्वार अशी चार ठिकाणे झाली. अनेक तारा एकत्र बांधून केलेल्या बाँडिंग द्वारालाही हीच चार ठिकाणे असतात. केवळ या दोन प्रकारांत 'वर्णन' ही एकच बाब आठ वेळा येते.

जागा व्यर्थ जाते, हा पुनरुक्तीचा खरा दोष नव्हे. नियमात दुरुस्ती करताना सात ठिकाणे सुधारली जातात आणि आठवे राहून जाते. मग मूळ द्वारावर चालणारा पत्ता उपद्वारावर नाकारला जातो, किंवा नाकारावयाचे मूल्य तेथे निमूटपणे स्वीकारले जाते. जाळे बंद पडल्यावर व्यवस्थापक स्वतःच्या लेखनात चूक शोधत राहतो. वस्तुतः ती व्याख्येत असते.

व्हायओएसमध्ये व्याख्या एक्सएमएल भाषेत लिहिल्या जातात. अनेक द्वारांना समान असलेला भाग वेगळ्या फाइलीत एकदाच लिहून ठेवतात आणि जेथे तो हवा, तेथे तो समाविष्ट करण्याची एका ओळीची सूचना देतात. प्रणाली बांधली जात असताना त्या ओळीच्या जागी संपूर्ण मजकूर आपोआप घातला जातो. तयार झालेल्या व्याख्येची रचना नियमबद्ध आहे की नाही, हेही यंत्राकडून तपासून घेता येते. अंतिम मजकुरात प्रती उरतातच; मात्र त्या माणसाच्या हातून नव्हे, तर यंत्राकडून तयार होतात. त्यामुळे त्यांच्यात तफावत पडत नाही.

तथापि, सारखे दिसणारे सर्वच एकत्र करणे इष्ट नसते. लूपबॅक हे द्वार यंत्राच्या आतच असते. त्याला बाहेरून डीएचसीपीद्वारे पत्ता मिळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणून पत्त्याचे दोन तुकडे ठेवलेले आहेत: एक डीएचसीपीसह, दुसरा त्याविना. पाकिटाच्या लांबीचेही तसेच आहे. एका तुकड्यात ६८ ते १६,००० बाइट, तर दुसऱ्यात ६८ ते १,५०० बाइट अशी मर्यादा आहे. या भेदांकडे दुर्लक्ष करून एकच तुकडा केला, तर काही द्वारांना अशक्य ते शक्य असल्याचे सांगितले जाईल.

यावरून एक कसोटी मिळते. एका ठिकाणचा नियम उद्या बदलला, तर त्याच कारणाने दुसऱ्या ठिकाणचाही बदलावा लागेल काय? उत्तर होकारार्थी असल्यास तो नियम एकाच ठिकाणी लिहावा. नकारार्थी असल्यास आजचे साम्य योगायोगाचे समजून दोन्ही वेगळे ठेवावेत. सामायिक तुकड्यात चूक झाली, तर ती सर्व द्वारांवर एकदम पसरते, हेही विसरता कामा नये. म्हणून असा तुकडा बदलल्यावर तो ज्या ज्या द्वारांत समाविष्ट आहे, त्या सर्वांची चाचणी घेणे अगत्याचे ठरते.