एक भाषा, दोन राज्ये : कोरियाच्या फाळणीची कथा

भूगोलाच्या तासाला नववीच्या एका विद्यार्थ्याने एक छायाचित्र आणून मला दाखविले. कृत्रिम उपग्रहातून रात्रीच्या वेळी घेतलेले ते कोरियाचे चित्र होते. द्वीपकल्पाचा दक्षिण भाग दिव्यांनी झगमगत होता. उत्तर भाग जवळजवळ काळोखात बुडालेला होता. त्या काळोखात एकच ठिपका ठळक दिसत होता, तो उत्तरेच्या राजधानीचा, प्योंगयांगचा. चित्र वर्गभर फिरले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "उत्तरेकडचे लोक आळशी असतील, सर!" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या लहानशा वाक्यात एक मोठी चूक दडलेली होती. तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर अपुरे राहिले. ते आज येथे पुरे करतो.

विद्यार्थी मित्रहो, प्रथम हे ध्यानी घ्या की, कोरियातील लोक मुळात एकच. भाषा एक, चालीरीती एक, पूर्वज एक. सेजोंग नावाच्या विद्याप्रेमी राजाने इ. स. १४४६ मध्ये सामान्य जनांसाठी जी सुटसुटीत लिपी प्रसिद्ध केली, तीच दोन्हीकडे आजही लिहिली जाते. हजार वर्षांहून अधिक काळ हा देश एका राज्यछत्राखाली नांदला. आपल्या देशाची फाळणी झाली तेव्हा धर्माचे कारण पुढे करण्यात आले होते. कोरियात तसे कोणतेही कारण नव्हते. मग ती रेघ आली कोठून?

१९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. पुढील पस्तीस वर्षे तेथे जपानी सत्ता होती. अखेरच्या काळात तर शाळांतून कोरियन भाषेची हकालपट्टी झाली आणि लोकांना जपानी धर्तीची नावे घेणे भाग पाडण्यात आले. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली आणि कोरिया मुक्त झाला. आपल्या स्वातंत्र्यदिनाच्या बरोबर दोन वर्षे आधीचा हा दिवस! परंतु त्याच्या चारपाच दिवस आधीच, १० ऑगस्टच्या रात्री, वॉशिंग्टन येथे दोन अमेरिकन सेनाधिकारी एक नकाशा पुढे घेऊन बसले होते. त्यांची नावे डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील. उत्तरेकडून सोव्हिएत फौजा कोरियात उतरत होत्या. जपानी सैन्याची शरणागती त्यांनी कोठपर्यंत घ्यावी आणि अमेरिकनांनी कोठून पुढे घ्यावी, हे ठरविण्यास या दोघांना अर्धा तास देण्यात आला होता. त्यांनी ३८ व्या अक्षांशावर बोट ठेवले. सोव्हिएत संघाने ते मान्य केले. ज्यांच्या घरांवरून आणि शेतांवरून ती रेघ जाणार होती, त्या कोरियन लोकांना मात्र कोणी विचारले नाही.

ती सीमा तात्पुरती असावयाची होती. पण दोन महासत्तांतील वैर वाढत गेले आणि तात्पुरते तेच कायमचे झाले. संपूर्ण कोरियात निवडणुका व्हाव्यात म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने एक आयोग पाठविला. त्याचे अध्यक्ष भारताचे के. पी. एस. मेनन होते. आयोगाला उत्तरेत पाऊल ठेवू देण्यात आले नाही. मे १९४८ मध्ये केवळ दक्षिणेत मतदान झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी सोल येथे सिंगमन ऱ्ही यांच्या अध्यक्षतेखाली एक प्रजासत्ताक उभे राहिले, तर ९ सप्टेंबर रोजी प्योंगयांग येथे किम इल-सुंग यांच्या नेतृत्वाखाली दुसरे. संपूर्ण कोरियाचे खरे सरकार आपणच, असा दोघांचाही दावा होता.

आता त्या छायाचित्राकडे पुन्हा वळू. जपान्यांनी मोठी धरणे, वीजकेंद्रे आणि रासायनिक कारखाने बांधले होते ते मुख्यतः डोंगराळ, खनिजसंपन्न उत्तरेत. दक्षिण हे भातशेतीचे कोठार. दक्षिणेतील दिवे बव्हंशी उत्तरेच्या विजेवर जळत. १४ मे १९४८ रोजी उत्तरेने ती वीज तोडली आणि काळोख पसरला तो दक्षिणेत! त्या रात्री कोणी आकाशातून चित्र घेतले असते, तर आमच्या मागच्या बाकावरून कोणता शेरा आला असता बरे?

२५ जून १९५० रोजी उत्तरेच्या सैन्याने रेघ ओलांडली. दक्षिणेच्या बाजूने अमेरिका आणि इतर राष्ट्रे, तर उत्तरेच्या बाजूने चीन युद्धात उतरले. एकट्या सोल शहराचा ताबा नऊ महिन्यांत चार वेळा बदलला. तीन वर्षांत वीस लाखांहून अधिक माणसे बळी पडली आणि २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे युद्धविराम झाला. तह असा झाला नाही, तो आजतागायत झालेला नाही. दोन्ही सैन्यांमध्ये सुमारे चार किलोमीटर रुंदीचा निर्मनुष्य पट्टा तेवढा राहिला.

या ठिकाणी आपल्या देशाचा संबंध पुन्हा येतो. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न सोडविण्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या आणि कैद्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपले मराठी सेनानी मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. बहुतेक कैद्यांनी एक ना एक बाजू निवडली. पण ८८ जण असे निघाले की, त्यांना दोन्ही बाजू नकोशा झाल्या होत्या. ते १९५४ मध्ये भारतीय दलासोबत भारतात आले. त्यांतील बरेच जण पुढे दूर दक्षिण अमेरिकेत स्थायिक झाले. स्वतःच्या भूमीवर दोन सरकारे असूनही ज्यांना एकही आपले वाटले नाही, अशा या माणसांच्या मनःस्थितीचा क्षणभर विचार करा.

युद्धानंतर दोन्ही राज्यांनी राखेतून आरंभ केला. उत्तरेत १९४६ मध्येच जमीनदारांच्या जमिनी काढून कुळांना वाटण्यात आल्या होत्या. परंतु १९५८ पर्यंत सर्व शेती सामुदायिक झाली आणि कारखाने सरकारचे झाले. सोव्हिएत संघ आणि चीन यांच्या साहाय्याने उत्तर झपाट्याने सावरली. शिक्षण व औषधोपचार मोफत झाले. १९६० च्या दशकात तर दक्षिणेपेक्षा उत्तरच पुढे होती. मात्र सारी सत्ता एका पक्षाच्या आणि अखेर एका घराण्याच्या हाती एकवटली. किम इल-सुंग १९९४ मध्ये वारले. त्यांच्यामागून पुत्र किम जोंग-इल आणि २०११ पासून नातू किम जोंग-उन, अशा तीन पिढ्या झाल्या. स्वावलंबनाचे तत्त्व तेथे 'जुचे' या नावाने राष्ट्रमंत्र ठरले. कुटुंबाचा पूर्वेतिहास पाहून नागरिकांची प्रतवारी होऊ लागली. परवान्यावाचून गावाबाहेर प्रवास नाही, परदेशी आकाशवाणी ऐकण्यास मज्जाव, सरकारवर टीका करणाऱ्यास तुरुंगछावणी, अशी ही व्यवस्था. स्वावलंबनाचा घोष चालू असताना तेल आणि खते येत होती ती सवलतीने, मित्रराष्ट्रांकडून. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि तो आधार तुटला. खतांवाचून शेती खालावली, १९९५ मध्ये महापूर आले, शिधावाटप बंद पडले आणि दुष्काळात लाखो माणसे मेली. चूक दाखविण्याची सोय जेथे नसते, तेथे चुकीची किंमत भुकेने मोजावी लागते. या संकटात कुटुंबे जगविली ती बव्हंशी बायकांनी, चोरूनमारून उभ्या केलेल्या बाजारांत जिन्नस विकून. इतकी टंचाई असताना राज्याचा पैसा सैन्यावर आणि शस्त्रांवर जातच राहिला; २००६ मध्ये उत्तरेने पहिला अणुस्फोट केला.

दक्षिणेची कथाही वाटते तितकी सरळ नाही. युद्धानंतर ते जगातील दरिद्री राष्ट्रांपैकी एक होते. मात्र तेथेही जमिनीची फेरवाटणी झाली आणि गावोगाव शाळा निघाल्या. १९६१ मध्ये सेनापती पार्क चुंग-ही यांनी लष्कराच्या बळावर सत्ता घेतली. पुढील वर्षी पंचवार्षिक योजना सुरू झाली. निवडक घराण्यांच्या उद्योगसंस्थांना सरकारने स्वस्त कर्ज द्यावे आणि त्यांनी ठरलेला माल परदेशी विकून दाखवावा, असा तो खाक्या होता. आरंभी कापड, प्लायवूड, केसांचे टोप; १९७३ पासून पोहांगचे पोलाद; त्यापाठोपाठ उल्सानची जहाजे, मोटारी आणि विजेची उपकरणे. पण ही भरभराट कामगारांच्या तुटपुंज्या वेतनावर आणि मिटलेल्या तोंडावर उभी होती. १९८० मध्ये ग्वांगजू शहरातील लोकशाहीचा उठाव सैन्याने रक्तात बुडविला. अखेर जून १९८७ मध्ये विद्यार्थी, कामगार आणि सामान्य नागरिक लाखोंच्या संख्येने रस्त्यावर आले, तेव्हा कोठे राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडण्याचा हक्क त्यांना मिळाला.

हा हक्क जपावाही लागतो. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी अकस्मात लष्करी कायदा पुकारला. सैनिकांनी संसदेला वेढा घातला असता काही सभासद भिंतीवरून चढून आत गेले आणि काही तासांतच त्यांनी तो कायदा रद्द करण्याचा ठराव केला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना पदच्युत केले. तरी दक्षिणेतही सारे सुखच आहे असे नव्हे. स्पर्धा जीवघेणी आहे. विद्यापीठप्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजीच्या श्रवणाचा भाग चालू असता देशभर विमानांची ये-जा थांबविली जाते, यावरून मुलांवरील ताणाची कल्पना यावी. जननप्रमाण इतके घटले आहे की, २०२३ मध्ये ते दर स्त्रीमागे ०.७२ होते.

सत्तरांहून अधिक वर्षांच्या ताटातुटीने भाषाही दुरावू लागली. माझ्या घरची भाषा कोकणी. एकच भाषा गावागणिक आणि लिपीगणिक कशी निराळी होते, हे मी लहानपणापासून पाहत आलो. कोरियात लिपी एकच राहिली, पण शब्दांचे अर्थ फुटले. 'दोंगमु' म्हणजे सवंगडी. उत्तरेत तो साम्यवादी सोबत्याचा वाचक झाला, म्हणून दक्षिणेत मित्राला तसे संबोधणे लोकांनी सोडून दिले. देशाचे नावही दोन तऱ्हांचे : दक्षिणेत 'हांगुक', उत्तरेत 'चोसन'. दोन्हीकडील विद्वानांनी २००५ मध्ये एका समाईक शब्दकोशाचे काम हाती घेतले, हा त्यातल्या त्यात एक आशेचा किरण.

शब्द जोडता येतील, माणसांचे काय? युद्धात नवरा-बायको, आई-लेकरे रेघेच्या दोन बाजूंस अडकली. पत्र नाही, निरोप नाही. २००० मध्ये दोन्ही राज्यांचे प्रमुख प्रथमच भेटले आणि त्यानंतर अशा कुटुंबांच्या भेटी घडवून आणण्यात आल्या. पन्नास वर्षांनी भेटलेल्या आई-मुलास थोडे दिवस मिळत आणि मग पुन्हा निरोप घ्यावा लागे. २०१८ नंतर त्याही भेटी थांबल्या. नाव नोंदवून वाट पाहणाऱ्या लाखाहून अधिक वृद्धांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. २०२४ च्या आरंभी उत्तरेने पुनरेकीकरणाचे ध्येयच सोडून दिले आणि प्योंगयांगजवळील एकीकरणाची भव्य कमानही पाडून टाकली.

आता त्या मागच्या बाकावरील मित्राला उत्तर देतो. बाळ, त्या चित्रातील काळोख आळसाचा नव्हे. उत्तरेतील स्त्री पहाटे उठून डोक्यावर बोचके घेऊन बाजार गाठते, तिला आळशी कोण म्हणेल? तीस हजारांहून अधिक लोक जिवावर उदार होऊन उत्तरेतून दक्षिणेत आले आहेत. त्यांची मुले दक्षिणेच्या शाळांत शिकतात आणि तोच उजेड वापरतात. माणसे तीच, त्यांना मिळालेली राज्यव्यवस्था आणि संधी मात्र निरनिराळी. म्हणून कोणत्याही देशाचे वैभव अथवा दैन्य पाहिले म्हणजे तेथील लोकांच्या रक्ताविषयी बोलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : तेथील नियम कोणी केले? ते बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि चुकले असे म्हणणाऱ्याचे तेथे काय होते? नकाशा आणि इतिहास ही दोन्ही पुस्तके शेजारी उघडी ठेवून ही उत्तरे शोधा. पुढच्या तासाला तो नकाशा मी पुन्हा भिंतीवर लावणार आहे.