आधी निदान, मग स्क्रू-ड्रायव्हर

दहावीनंतर मुलाने ‘मला हार्डवेअर करायचंय’ म्हटलं की घरात चलबिचल सुरू होते. सगळी दुनिया कोडिंग आणि एआयच्या मागे, आणि हा लॅपटॉपच्या पाठीचे स्क्रू काढत बसलाय! पालकांची काळजी रास्त आहे, पण ‘स्कोप’ची चौकशी करण्याआधी त्यांनी एक गोष्ट पाहावी: मुलाला बिघाड शोधता येतो का? पार्ट बदलून देणारे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हवे तितके मिळतील. नेमका कोणता पार्ट बदलायचा हे सांगणाऱ्याला मागणी जास्त.

ही पारख फी भरण्याआधी, घरच्याच यंत्रावर, फुकटात होते.

समजा, कॉम्प्युटर अधूनमधून निळा पडदा दाखवून बंद पडतोय आणि दुकानदार म्हणतो, ‘मदरबोर्ड गेला.’ विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नोस्टिक’ आधीपासूनच असतं. ते यंत्र रीस्टार्ट करून रॅम तपासतं. दोष दिसला, तर रॅमच्या दोनपैकी एक पट्टी काढून चाचणी घ्यायची, मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पुन्हा. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब. स्लॉटपाशीच राहिला तर संशय बोर्डावर. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. हे ज्याला कंटाळवाणं वाटत नाही, तो या धंद्यात टिकतो.

विंडोजच सुरू होत नसेल, तरी वाट बंद होत नाही. डेलच्या बहुतेक यंत्रांत सुरू होतानाच ‘एफ १२’ दाबून, तर एचपीच्या बऱ्याच यंत्रांत ‘एस्केप’ आणि मग ‘एफ २’ दाबून कंपनीच्या चाचण्या चालवता येतात. इंटेलवाल्या मॅकवर त्यासाठी ‘डी’ दाबून धरायचं. या चाचण्या विंडोजवर अवलंबून नसतात, म्हणूनच त्यांचं मोल. इथे सगळं ठीक आणि विंडोजमध्ये मात्र रडगाणं, असं असेल तर आधी ड्रायव्हरकडे बघावं. दोष सापडलाच तर पडद्यावर कोड येतो. तो लिहून घ्यावा, सर्व्हिस सेंटरशी बोलताना कामी येतो.

बॅटरीचा हिशेब तर आणखी सोपा. कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारीशेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर चार्जर बदलून उपयोग नाही.

मात्र पडद्यावरचं ‘ओके’ हा अंतिम निकाल नव्हे. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी त्यातल्या चार ठळक इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता! म्हणून डिस्कमधून खरखर ऐकू आली की चाचणीआधी बॅकअप घ्यावा. पहिल्या दिवसापासून ही सवय लागलेली बरी, कारण गिऱ्हाइकाला डिस्कपेक्षा तिच्यातले फोटो प्यारे असतात.

शिक्षणाच्या वाटा फार खर्चिक नाहीत. दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’सारखा ट्रेड आहे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला तर पुढे इंजिनिअरिंगचं दारही उघडं राहतं. ‘कॉम्पटिया ए प्लस’ या दोन पेपरांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत दोष शोधण्यावरही प्रश्न असतात. सुरुवात बहुधा डेस्कटॉप सपोर्ट किंवा फील्ड इंजिनिअर म्हणून होते. सर्व्हर सांभाळता येऊ लागले की नवी मुंबईतल्या डेटा सेंटरांसारखी ठिकाणं आवाक्यात येतात.

खासगी क्लास निवडताना ‘शंभर टक्के नोकरी’ची पाटी वाचून भुलू नये. मुद्दाम बिघडवलेली यंत्रं विद्यार्थ्यांच्या हाती देतात का, हे विचारावं आणि लॅब दाखवायला सांगावी. दाखवायला टाळाटाळ झाली, तर फी खिशातच ठेवावी आणि दुसरा क्लास पाहावा.