दुकानाचे संकेतस्थळ : स्वतः उभारावे की करवून घ्यावे?

भोसल्यांच्या राजवाड्यामुळे ज्या वस्तीला ‘महाल’ हे नाव मिळाले, ती नागपूर शहराची जुनी बाजारपेठ होय. एके काळी जुम्मा दरवाजा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गांधी गेटमधून आत शिरून बडकस चौकापर्यंत चालत गेले, तर भांडी, कापड, पूजासाहित्य, दागिने, पुस्तके आणि मिठाई यांची लहानमोठी दुकाने नजरेस पडतात. यांतील कित्येक दुकानांना आजवर जाहिरातीची गरज भासली नाही. अमुक गल्लीच्या तोंडाशी, तमुक देवळासमोर, एवढी खूण गिऱ्हाइकाला पुरत असे. परंतु नोकरीनिमित्त पुण्याला वा परदेशी गेलेली पुढची पिढी ही खूण विसरत चालली आहे. लग्नाच्या बस्त्यासाठी निघण्यापूर्वी ती प्रथम भ्रमणध्वनीवर शोध घेते, आणि तेथे ज्याचे नाव सापडत नाही ते दुकान तिच्या दृष्टीने नसल्यासारखेच असते. साहजिकच, आपलेही संकेतस्थळ असावे असे व्यापाऱ्यास वाटू लागते आणि त्यापाठोपाठ प्रश्न उभा राहतो : ते घरच्या घरी करावे, की जाणकारास पैसे देऊन करवून घ्यावे?

हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा राहिलेला नाही. खेड्यातील महिला बचत गट पापड-लोणच्यांसाठी, विणकर आपल्या साड्यांसाठी, संत्रा बागायतदार आपल्या मालासाठी हीच विचारणा ग्रामपंचायत सदस्यांकडे, शिक्षकांकडे आणि विस्तार अधिकाऱ्यांकडे करीत असतात. तेव्हा या विषयाची मूलभूत माहिती करून घेणे अगत्याचे ठरते.

तीन वेगळ्या वस्तू

संकेतस्थळ ही एकच वस्तू आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः तिचे तीन भाग आहेत. पहिला भाग नावाचा, म्हणजे दुकानाच्या पाटीचा. हे नाव वार्षिक शुल्क भरून नोंदवावे लागते. ‘डॉट इन’ या भारतीय नावांची नोंदवही ‘निक्सी’ ही संस्था सांभाळते. देवनागरीतील ‘डॉट भारत’ नावेही २०१४ च्या ऑगस्टपासून मिळू लागली आहेत. दुसरा भाग जागेचा. मजकूर व छायाचित्रे ज्या संगणकावर साठविली जातात, त्या संगणकावरील जागा भाड्याने घ्यावी लागते. तिसरा भाग प्रत्यक्ष पानांचा, म्हणजे मांडणी, मजकूर आणि चित्रे यांचा. नाव एकाकडून, जागा दुसऱ्याकडून आणि मांडणी तिसऱ्याकडून घेता येते. पुढे उद्भवणारे बहुतेक तंटे हे तिन्ही भाग एकाच्याच हाती गेल्याने, आणि तेही मालकाच्या नकळत गेल्याने, निर्माण होतात.

स्वतः करण्याचा मार्ग

आज तयार साच्यांची सोय पुष्कळ आहे. साचा निवडावा, त्यात आपले नाव व छायाचित्रे घालावीत, की दोन-चार दिवसांत पाने तयार होतात. संगणकाची आज्ञावली लिहिता येण्याची आवश्यकता नाही. २००३ साली सुरू झालेली ‘वर्डप्रेस’ ही प्रणाली तर विनामूल्य असून कोणत्याही भाड्याच्या जागेवर बसविता येते. दर बदलला, नवा माल आला, दिवाळीत दुकानाची वेळ वाढली, तर दुसऱ्याच्या दारी न जाता मालक स्वतः फेरफार करू शकतो. लहान धंद्याच्या दृष्टीने हा लाभ दिसतो त्याहून मोठा आहे, कारण तीन वर्षांपूर्वीचे दर दाखविणारे संकेतस्थळ गिऱ्हाइकाचा विश्वास घालविते.

तथापि, फुकट मिळणाऱ्या सोयीचा एक अनुभव येथे नमूद केला पाहिजे. जानेवारी २०१७ मध्ये गूगलचे मुख्याधिकारी सुंदर पिचई यांनी नवी दिल्ली येथे लहान व्यावसायिकांसाठी विनामूल्य संकेतस्थळाची सोय जाहीर केली. भ्रमणध्वनीवरूनच पान तयार करण्याची ती सोय खरोखर सुलभ होती. पुढे मार्च २०२४ मध्ये गूगलने ही सर्व संकेतस्थळे बंद केली. जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना व्यवसायाच्या गूगलवरील नोंदीकडे वळविण्याची व्यवस्था १० जून २०२४ पर्यंत ठेवण्यात आली होती. त्यानंतर तीही संपली. ज्यांनी गूगलने दिलेला फुकटचा पत्ता पिशव्यांवर, पावत्यांवर आणि पाटीवर छापून घेतला होता, त्यांचा छपाईचा खर्च वाया गेला. ज्यांनी स्वतंत्र नाव विकत घेतले होते, त्यांना त्याच नावाखाली नवे संकेतस्थळ उभारता आले. अमेरिकेतील ‘जिओसिटीज’ ही अशीच सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद पडली होती, म्हणजे हा प्रकार अपवादात्मक नव्हे. पाने कोणीही आणि कोठेही तयार करोत, नाव मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पैशाने घ्यावे, हे यावरून उघड होते.

जाणकाराकडून करवून घेताना

व्यावसायिकाकडून काम करून घेण्याचा खर्च काही हजारांपासून लाखापर्यंत जाऊ शकतो. नुसता पत्ता, वेळ, दूरध्वनी आणि मालाची काही छायाचित्रे दाखवायची असतील, तर एवढा खर्च करण्यात फारसा अर्थ नाही. परंतु ऑनलाइन पैसे स्वीकारणे, मालाचा साठा दुकानातील हिशेबाशी जोडणे, परगावी पाठविलेल्या मालाचा माग ठेवणे या गोष्टी आल्या की साच्यातील काम अपुरे पडू लागते. तेथे चूक झाली तर ती गिऱ्हाइकाच्या पैशाची चूक असते. अशा वेळी जाणकाराची फी वाचविणे हे काटकसरीचे लक्षण मानता येणार नाही.

मात्र करार लेखी हवा. पुष्कळदा संकेतस्थळ करणारा गृहस्थ दुकानाचे नाव आपल्याच खात्यातून, आपल्याच ई-मेलवर नोंदवितो. त्यात नेहमीच वाईट हेतू असतो असे नाही; मालकाला ई-मेल उघडण्याचा कंटाळा, हेही त्याचे कारण असते. पण पुढे तो गाव सोडून गेला, धंदा बदलला वा भांडण झाले, तर नूतनीकरणाची सूचना मालकापर्यंत पोहोचतच नाही. मुदत व सवलतीचा काळ उलटल्यावर ते नाव कोणीही घेऊ शकतो. तीन पिढ्यांनी कमावलेले नाव असे कोण्या अनोळखी माणसाच्या हाती जाणे ही किरकोळ हानी नव्हे. ‘डॉट इन’ नावांच्या तंट्यांसाठी लवादाची तरतूद आहे खरी, पण त्या वाटेला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात.

दुसरी बाब हक्कांची. पैसे दिले म्हणजे पानांची मांडणी व आज्ञावली आपोआप आपली झाली, असे समजणे धोक्याचे आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह व्हावे लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. करारात एक वाक्य वाढविल्याने जे निभावते, ते राहून गेल्यास सहाव्या वर्षी वाद उद्भवू शकतो.

मराठी मजकुराची अडचण

पत्रके व लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडील मराठी मजकूर कित्येकदा डीटीपीच्या जुन्या टंकांत असतो. तो जसाच्या तसा संकेतस्थळावर चढविल्यास अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. त्यावर उपाय म्हणून मजकुराचे छायाचित्रच चिकटविले जाते. ते डोळ्यांना दिसते, पण शोधयंत्राला त्यातील अक्षरांचा भरवसा नसतो आणि अंध व्यक्तीच्या वाचनयंत्रालाही ते वाचता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकित करून घेणे हाच खरा मार्ग आहे. हे काम दुकानातील एखादी शिकणारी मुलगी वा मुलगा चांगले करू शकतो. भाड्याच्या लेखकापेक्षा मालाची नावे त्यांना अधिक ठाऊक असतात. महालातील गिऱ्हाईक ज्या शब्दाने वस्तू मागते, तोच शब्द पानावर असावा.

विक्री सुरू झाल्यावर

संकेतस्थळावरून विक्री करणाऱ्यास ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० लागू होतात. व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील, सर्व आकारांसह एकूण किंमत आणि माल परत घेण्याच्या अटी स्पष्ट द्याव्या लागतात. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण एक महिन्यात करणे बंधनकारक आहे. तयार साचा या गोष्टी आपण होऊन भरीत नाही. तद्वतच पैसे घेणारा जाणकारही त्या विसरू शकतो.

लहान दुकानदाराने वा बचत गटाने प्रथम स्वतःच्या नावाने नोंदविलेल्या पत्त्यावर चार पाने स्वतः करावीत, वर्षभर ती अद्ययावत ठेवता येतात का हे पाहावे आणि परगावच्या मागण्या खरोखर येऊ लागल्यावरच जाणकार गाठावा, हा क्रम अधिक सयुक्तिक दिसतो. तोवर दुकानात काय विचारले जाते याची वही ठेवली, तर जाणकाराला नेमके काम सांगता येते. काम पूर्ण झाल्यावर शेवटचा हप्ता देण्यापूर्वी नावाच्या व जागेच्या खात्यांचे परवलीचे शब्द, सर्व पानांची प्रत, मूळ छायाचित्रे आणि नूतनीकरणाच्या तारखा लेखी ताब्यात घ्याव्यात. परवलीचे शब्द लगेच बदलावेत आणि तारखा दुकानातील भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवाव्यात.